दहावी-पीयूसीच्या मुलांचा फोन: देखरेख कोणत्या क्रमाने बसवावी

पालक सभेत मुलांच्या फोनचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: मुलाचे मेसेज आमच्या फोनवर दिसतील असे एखादे अ‍ॅप सांगा. सुरुवातच या प्रश्नापासून केल्यामुळे बहुतेक घरांतली देखरेख फार काळ टिकत नाही. आधी गुपचूप अ‍ॅप बसवले जाते, मग ते मुलाच्या लक्षात येते, मग भांडण होते, आणि त्यानंतर मूल मित्राच्या फोनवरून दुसरे खाते उघडते, ज्याचा घरात कोणालाही पत्ता नसतो.

हा लेख तेरा ते अठरा वर्षे वयाच्या, म्हणजे साधारणपणे आठवीपासून पीयूसीच्या (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या) दुसऱ्या वर्षापर्यंतच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. आपल्या भागात, म्हणजे बेळगावच्या सीमाभागात, बहुतेक मुलांच्या हाती अँड्रॉइड फोन असतो, म्हणून तोच गृहीत धरला आहे. फोनची भाषा कोणाकडे मराठी, कोणाकडे कन्नड, तर कोणाकडे इंग्रजी असते. मेनूतली नावे येथे इंग्रजी उच्चाराने दिली आहेत. मांडणी करताना तेवढ्यापुरती फोनची भाषा इंग्रजी ठेवली तर शोधाशोध वाचते.

टप्पा १: फोनला हात लावण्यापूर्वीची तयारी

सर्वांत जास्त अडचणी येथेच निघतात आणि सर्वांत कमी वेळ येथेच दिला जातो. पुढील गोष्टी एका कागदावर लिहून काढाव्यात.

१. मुलाच्या फोनवर कोणते गूगल खाते आहे? अनेक घरांत फोन घेतला त्या दिवशी मोबाईलच्या दुकानातल्या पोराने घाईघाईत खाते उघडून दिलेले असते. जन्मतारीख म्हणून मनाला येईल ते वर्ष टाकलेले असते, पासवर्ड म्हणून बहुधा मोबाईल क्रमांकच दिलेला असतो, आणि तो खोक्याच्या मागे पेनाने लिहिलेला असला तर नशीब. काही घरांत २०२०-२१ च्या ऑनलाइन शाळेसाठी वडिलांच्याच नावाचे खाते मुलाच्या फोनवर घातले होते आणि ते आजही तसेच चालू आहे. अशा खात्यावर गूगलच्या दृष्टीने मूल हे चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा माणूस असते, त्यामुळे मुलांसाठीची कोणतीही मर्यादा तेथे लागू होत नाही.

२. त्या खात्याचा पासवर्ड चालतो का, आणि खाते परत मिळवण्यासाठी कोणाचा क्रमांक नोंदवलेला आहे? तो जुना बंद पडलेला सिम असेल तर आधी बदलून घ्यावा.

३. देखरेख कोण करणार? वडील गोव्यात किंवा पुण्यात कामाला आणि घरी आई व आजी, अशी मांडणी आपल्याकडे सर्रास आढळते. फॅमिली लिंक हे गूगलचे देखरेखीचे अ‍ॅप दूरच्या फोनवरूनही चालते, तरीही मुख्य पालक म्हणून घरात राहणारी व्यक्तीच असावी, असे माझे ठाम मत आहे. रात्री साडेनऊला गृहपाठाचा फोटो पाठवायला आणखी पंधरा मिनिटे द्यायची की नाही, हा निर्णय दुसऱ्या गावात बसलेल्या माणसाला नीट घेता येत नाही. दुसऱ्या पालकाला गूगलच्या कुटुंब गटात घेऊन तोच अधिकार देता येतो.

४. पालकाचे स्वतःचे गूगल खाते आणि इन्स्टाग्राम खाते आहे का? नसेल तर आधी उघडावे.

५. घरात पडून असलेले जुने फोन किती आहेत? पडद्याला तडा गेलेला, कपाटात ठेवलेला फोनसुद्धा वायफायवर व्यवस्थित चालतो.

तपासणी: या पाच प्रश्नांची उत्तरे लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. विशेषतः पासवर्ड माहीत नसताना मांडणी सुरू केली तर ती मध्येच अडकते आणि मुलाचे जुने फोटोही हातचे जाण्याची भीती असते.

टप्पा २: मुलाशी बोलणी

तेरा वर्षांवरील मुलाच्या चालू गूगल खात्यावर देखरेख जोडताना त्याची संमती लागते. ती त्याच्याच फोनवर, त्याच्याच पासवर्डने द्यावी लागते. इन्स्टाग्रामवरही पालकाने पाठवलेले निमंत्रण मुलाने स्वीकारावे लागते. म्हणजे मुलाशी बोलणे हा केवळ चांगुलपणाचा भाग नाही, त्यावाचून पुढचे तांत्रिक कामच होत नाही.

बोलण्यासाठी वेळ शांत निवडावी. निकालाच्या दिवशी, भांडणानंतर किंवा पाहुण्यांसमोर हा विषय काढू नये. कोणत्या गोष्टी पाहणार आणि कोणत्या पाहणार नाही, या दोन्ही स्पष्ट सांगाव्यात. कागदावर लिहिलेली बोली पुढच्या वादात उपयोगी पडते. तिचा मजकूर साधारण असा असावा:

“फोनवर किती वेळ गेला ते आई पाहील. नवे अ‍ॅप घेण्याआधी आईला विचारायचे. मैत्रिणींशी झालेले बोलणे आई वाचणार नाही. कोणी घाण मेसेज किंवा फोटो पाठवला, पैसे मागितले किंवा धमकी दिली तर लगेच सांगायचे, आणि सांगितल्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही. रात्री दहानंतर फोन बाहेरच्या खोलीत, सगळ्यांचेच.”

यातले शेवटून दुसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. फोन जाईल या भीतीपोटी मुले धमकीचा प्रकार आठवडेच्या आठवडे लपवून ठेवतात आणि धमकावणाऱ्याला नेमके तेच हवे असते. पालकाने हे वचन एकदा मोडले तर पुढच्या वेळी मूल सांगणार नाही. शेवटच्या वाक्यातला “सगळ्यांचेच” हा शब्दही तितकाच जपावा. वडील अंथरुणात रील पाहत असतील तर मुलाचा फोन बाहेर ठेवण्याचा नियम चार दिवसांत मोडतो.

इशारा: मुलाच्या नकळत मेसेज दाखवणारी अ‍ॅप, विशेषतः प्ले स्टोअरच्या बाहेरून घ्याव्या लागणाऱ्या एपीके फाईली, अजिबात बसवू नयेत. त्या बसवण्यासाठी फोनची स्वतःची सुरक्षा बंद करायला सांगितले जाते. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाईलीतून लोकांची बँक खाती रिकामी झाली, तो मार्गही हाच. त्याच फोनवर घरच्या बँकेचे ओटीपी येत असतील तर धोका साऱ्या घराला आहे. मुलाचे व्हॉट्सअ‍ॅप लिंक्ड डिव्हाइसच्या सोयीने स्वतःच्या फोनला जोडून घेणेही टाळावे; त्यात आपल्या मुलाबरोबर वर्गातल्या इतर मुलामुलींचे खासगी बोलणेही आपण वाचत असतो, आणि त्यांनी त्याला होकार दिलेला नसतो.

टप्पा ३: खाते आणि जन्मवर्ष दुरुस्त करणे

अ‍ॅपच्या मर्यादा वयावर चालतात आणि वय खात्यातल्या जन्मतारखेवरून ठरते. जन्मवर्ष चुकीचे असेल तर पुढचे सगळे काम वाया जाते. म्हणून आधी गूगल खात्यात पर्सनल इन्फो या भागात जन्मतारीख पाहावी, त्यानंतर इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमध्ये पाहावी. शाळेत प्रवेशाच्या वेळी दिलेली खरी तारीखच दोन्हीकडे असावी.

खाते पालकाच्या नावाचे असेल तर ते दुरुस्त करत बसू नये. मुलाच्या खऱ्या तारखेने नवे खाते उघडावे, फोटो व संपर्क त्यात घ्यावेत आणि त्यानंतरच जुने खाते फोनवरून काढावे. या तीन गोष्टींचा क्रम उलटा केला तर फोटो परत मिळवणे जिकिरीचे होते.

इशारा: मूल तेरा वर्षांच्या आतले असेल आणि आपण खरी तारीख घातली, तर गूगल त्या खात्यावर पालकांची देखरेख जोडायला सांगते, ती मुदतीत जोडली नाही तर खाते बंद होते. अशा वेळी तारीख बदलण्याचे आणि देखरेख जोडण्याचे काम एकाच बैठकीत करावे. इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट आणि व्हॉट्सअ‍ॅप या तिन्हींची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे. त्याहून लहान मुलाचे खाते सांभाळत बसण्यापेक्षा ते बंद करणेच योग्य.

टप्पा ४: फॅमिली लिंक बसवणे

१. पालकाच्या फोनवर प्ले स्टोअरमधून फॅमिली लिंक घ्यावे आणि स्वतःच्या खात्याने उघडावे.

२. मुलाच्या फोनवर सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग अँड पॅरेंटल कंट्रोल्स हा भाग उघडून पॅरेंटल कंट्रोल्स सुरू करावे. काही फोनवर हीच सोय सेटिंग्जमधल्या गूगल या भागात असते. तेथे मुलाचे खाते निवडावे, मग पालकाच्या खात्याने प्रवेश करावा आणि शेवटी मुलाने संमती द्यावी.

३. पहिले सात दिवस कोणतीही मर्यादा लावू नये. केवळ कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ जातो ते पाहावे. ही पायरी गाळणारे पालक अंदाजाने “रोज एक तास” असे ठरवतात आणि मग अभ्यासाच्या व्हिडिओंसाठी रोज सूट द्यावी लागते. सूट रोजची झाली की मर्यादेला अर्थ उरत नाही.

४. आठव्या दिवशी मुलाला सोबत घेऊन रात्रीची वेळ म्हणजे डाउनटाइम आणि एखाद-दुसऱ्या अ‍ॅपची मर्यादा ठरवावी. सगळ्या अ‍ॅपवर एकदम मर्यादा लावू नयेत. बहुतेक घरांत खरी अडचण रात्रीच्या झोपेची असते आणि डाउनटाइम नीट लागला की बाकीचे बरेच आपोआप सावरते.

५. नवे अ‍ॅप घेण्यासाठी पालकाची मंजुरी लागेल असे करावे. येथे एक बारकावा आहे: त्या खात्यावर पूर्वी कधी घेतलेले अ‍ॅप काढून पुन्हा घेतले तर नव्याने मंजुरी लागत नाही. म्हणून नको असलेले अ‍ॅप नुसते काढून भागत नाही, ते फॅमिली लिंकमधून ब्लॉकही करावे लागते.

६. खानापूर किंवा आसपासच्या गावांतून एसटीने वा रेल्वेने बेळगावच्या कॉलेजला येणाऱ्या मुलांच्या फोनवर कॉलचे अ‍ॅप नेहमी चालू राहणाऱ्या अ‍ॅपच्या यादीत घालावे. डाउनटाइम लागलेला असताना आलेला कॉल घेता येतो. पण गाडी चुकली तर मुलाला स्वतःहून घरी कॉल करता आला पाहिजे.

तपासणी: फॅमिली लिंक मेसेज, चॅट किंवा फोटो दाखवत नाही. ते दिसत नाहीत म्हणून अ‍ॅप बिघडले आहे असे समजू नये. तसेच अ‍ॅपवरची मर्यादा ब्राउझरला आपोआप लागू होत नाही. इन्स्टाग्रामची वेळ संपल्यावर तेच खाते क्रोममधून उघडते का, हे मुलासमोर एकदा करून पाहावे.

टप्पा ५: एकेका अ‍ॅपची मांडणी

इन्स्टाग्राम. भारतात फेब्रुवारी २०२५ पासून तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी टीन अकाउंट आले आहे. जन्मवर्ष खरे असेल तर खाते आपोआप खासगी राहते, मुलाच्या ओळखीच्या वर्तुळाबाहेरची खाती त्याला मेसेज पाठवू शकत नाहीत, साठ मिनिटांनंतर थांबण्याची आठवण येते आणि रात्री दहा ते सकाळी सातपर्यंत सूचना बंद राहतात. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाला यातले निर्बंध सैल करायचे असतील तर पालकाची परवानगी लागते. टप्पा ३ मध्ये जन्मवर्षावर एवढा भर दिला तो याचसाठी.

त्यापुढे सेटिंग्जमधून फॅमिली सेंटर उघडून मुलाला देखरेखीचे निमंत्रण पाठवावे. ते स्वीकारले की रोजचा वेळ, मूल कोणाला फॉलो करते आणि गेल्या सात दिवसांत कोणाशी मेसेजवर बोलले त्यांची नावे दिसतात. बोलणे काय झाले ते दिसत नाही, आणि तसे दिसू नये हेच बरे.

सर्वांत जास्त फसगत होते ती दुसऱ्या खात्याने. इन्स्टाग्रामची देखरेख एका खात्यापुरती असते आणि एकाच अ‍ॅपमध्ये अनेक खाती ठेवता येतात. खालच्या पट्टीवरचे प्रोफाइलचे चित्र दाबून धरले की त्या फोनवरच्या सगळ्या खात्यांची यादी येते. ती मुलाने स्वतः दाबून दाखवावी. दुसरे खाते निघाले तर आरडाओरडा न करता त्याच बैठकीत तेही देखरेखीत घ्यावे किंवा बंद करावे. काही फोनवर ड्युअल अ‍ॅप, अ‍ॅप क्लोन, सेकंड स्पेस किंवा सिक्युअर फोल्डर अशा नावांची सोय असते. त्यात त्याच अ‍ॅपची दुसरी प्रत लपवता येते. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ही नावे टाइप करून पाहावीत.

व्हॉट्सअ‍ॅप. चार गोष्टी बदलाव्यात, पहिल्या तीन प्रायव्हसीमध्ये आणि चौथी अकाउंटमध्ये: ग्रुपमध्ये कोण घालू शकेल, तेथे माय कॉन्टॅक्ट्स, प्रोफाइल फोटो, तेथेही माय कॉन्टॅक्ट्स, अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय चालू, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू, ज्याचा सहा अंकी आकडा पालकाकडेही लिहून ठेवलेला असावा. ग्रुपची सेटिंग सहसा विसरली जाते. शिकवणीचे, तालमीचे, मंडळाचे ग्रुप मोठे असतात, आणि त्यातला कोणीही अनोळखी माणूस मुलाचा क्रमांक उचलून त्याला भलत्याच ग्रुपमध्ये घालू शकतो.

स्नॅपचॅटवर नकाशातला घोस्ट मोड चालू करणे सर्वांत आधी करावे, जागा दाखवण्याची सोय चालू राहिली तर मूल कोठे आहे ते त्याच्या यादीतल्या मित्रांना नकाशावर दिसत राहते. यूट्यूबवर रिस्ट्रिक्टेड मोड चालू करून ऑटोप्ले बंद करावे.

सर्व अ‍ॅपना लागू पडणारी एक सवय मुलाला लावावी: स्टोरी घरी पोहोचल्यावर टाकायची. राजहंसगडावर उभे असतानाच जागेच्या नावासह टाकलेली स्टोरी, किंवा गणवेशावरचा शाळेचा बिल्ला दिसणारा फोटो, अनोळखी माणसाला मुलाचा ठावठिकाणा देतो.

टप्पा ६: आठवड्याची पाहणी

रविवारी पंधरा मिनिटे पुरतात. मूल शेजारी बसलेले असावे आणि फोन त्याच्याच हातात असावा. तीन गोष्टी पाहाव्यात: आठवड्याचा एकूण वेळ, नवे अ‍ॅप, आणि नव्याने जोडलेल्या अनोळखी व्यक्ती. प्रत्येक नावावर चौकशी करू नये, “हा कोण, प्रत्यक्ष भेटला आहेस का?” एवढा प्रश्न पुरेसा आहे.

निपाणी-चिक्कोडीकडच्या अनेक घरांत पालकांना कन्नड वाचता येत नाही आणि मुले मात्र शाळेमुळे कन्नड सफाईने वाचतात. रीलखालच्या टिप्पण्या कन्नडमध्ये असतात, मित्रांचे मेसेज इंग्रजी अक्षरांतल्या मराठी-हिंदी-कन्नडच्या मिश्रणात असतात. भाषांतराच्या अ‍ॅपवर विसंबून निष्कर्ष काढू नये, मित्रांमधली थट्टा त्यात शिवीसारखी दिसते. मुलालाच वाचून अर्थ सांगायला लावावे. त्यात त्याचा मान राहतो आणि तो काय टाळतो आहे तेही कळते.

सुटीत मूल चंदगड किंवा गडहिंग्लजकडे आजोळी गेले की देखरेख तुटते, कारण मामेभावाचा फोन हाती येतो. त्या घरी आधी फोन करून रात्रीच्या वेळेचा नियम तरी सांगून ठेवावा.

टप्पा ७: सीमाभागातल्या ठरावीक तारखा

हा टप्पा इतर ठिकाणच्या मार्गदर्शनात सापडत नाही, पण आपल्याला तो वगळून चालणार नाही. १७ जानेवारीचा सीमालढ्यातला हुतात्मा दिन, १ नोव्हेंबरचा मराठी भाषकांचा काळा दिन आणि कर्नाटक राज्योत्सव, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणेश विसर्जन, या दिवसांच्या मागेपुढे मुलांच्या फोनवर भाषेच्या आणि पुतळ्यांच्या वादाचे व्हिडिओ धडाधड येतात. त्यात जुना व्हिडिओ आजचा म्हणून फिरतो, दुसऱ्या जिल्ह्यातली घटना बेळगावची म्हणून दाखवली जाते, आणि पंधरा वर्षांचे मूल रागाच्या भरात एखादी ओळ जोडून स्टेटस ठेवते.

मराठीविषयी मुलाला वाटणारी आस्था ही चूक मुळीच नाही आणि पालकाने तसे भासवूही नये. त्याला एवढेच समजावावे की भाषा, धर्म किंवा जात यांवरून गटांत वैर वाढवणारा मजकूर पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, आणि तो मजकूर मूळ दुसऱ्याने लिहिला असला तरी पुढे पाठवणाऱ्यालाही चौकशीला सामोरे जावे लागू शकते. अल्पवयीन मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. ऐन एसएसएलसीच्या (दहावीच्या) वर्षात पोलीस ठाण्याच्या फेऱ्या घालण्याची वेळ कोणत्याही घरावर येऊ नये.

म्हणून अशा तारखेच्या चार दिवस आधी मुलाशी एक नियम बोलून घ्यावा: भावना भडकवणारा व्हिडिओ आला तर एक रात्र थांबायचे, सकाळी घरात दाखवायचा, मगच स्टेटस ठेवायचे की नाही ते ठरवायचे. मूल एखाद्या ग्रुपचे अ‍ॅडमिन असेल तर त्या आठवड्यापुरती फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील अशी सेटिंग करता येते.

टप्पा ८: काही विपरीत घडल्यास

कोणी मुलाचे खासगी फोटो मिळवून पैसे मागत असेल किंवा धमकी देत असेल तर पुढील क्रम पाळावा.

१. पहिले वाक्य “बरं झालं सांगितलंस” असे असावे. चूक कोणाची, हे नंतर.

२. पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते.

३. धमकीचे मेसेज, समोरच्याचे खाते, त्याचा दुवा आणि यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. हे झाल्यावरच ब्लॉक करावे. घाबरून आधी सगळी चॅट पुसून टाकणे ही येथे सर्वाधिक होणारी चूक आहे.

४. मुलाचा नग्न फोटो मात्र पुरावा म्हणून नातेवाइकांना किंवा ओळखीच्या माणसालाही पाठवू नये. अठरा वर्षांखालील व्यक्तीचे असे चित्र पसरवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार गुन्हाच आहे. पोलिसांना फोनच दाखवावा.

५. १९३० या सायबर मदत क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे गेले असतील तर १९३० ला तासाभरात केलेला कॉल उपयोगी पडतो. कर्नाटकात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन नावाची पोलीस ठाणी आहेत, तेथे प्रत्यक्ष जाता येते. कन्नड लिहिता येणारी विश्वासातली व्यक्ती सोबत न्यावी. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.

६. फोटो पसरण्याची भीती असेल तर टेक इट डाउन ही मोफत सेवा वापरावी. मूळ चित्र कोठेही न पाठवता फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या ठिकाणी ते चित्र अडवले जाते.

मूल गप्प झाले, जेवण-झोप बिघडली किंवा जगण्याला कंटाळल्याचे बोलू लागले तर त्याला एकटे सोडू नये आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच बोलावे. ही सेवा मोफत आणि चोवीस तास आहे.

टप्पा ९: देखरेख सैल करणे

देखरेख कधी कमी होणार हे मुलाला पहिल्या दिवसापासून माहीत असावे. सोळा पूर्ण झाल्यावर अ‍ॅपच्या वेळेची मर्यादा काढून केवळ रात्रीची वेळ ठेवावी, पीयूसीच्या पहिल्या वर्षानंतर आठवड्याची पाहणी महिन्यावर आणावी. इन्स्टाग्रामवर सोळा-सतरा वयाची मुले बरेचसे निर्बंध स्वतः बदलू शकतात. पालकांची देखरेख चालू असेल तर मात्र त्यांना परवानगी मागावी लागते, म्हणून कोणते निर्बंध उठवायचे ते बोलून ठरवावे. एसएसएलसी किंवा पीयूसीच्या परीक्षेपुरते नियम कडक केले असतील तर शेवटचा पेपर झाल्या दिवशी ते न विसरता पूर्ववत करावेत. अठराव्या वाढदिवशी खात्यातला पालकाचा क्रमांक काढून मुलाचा स्वतःचा क्रमांक घालावा, पासवर्ड त्याला बदलायला सांगावा आणि व्हॉट्सअ‍ॅपचा सहा अंकी आकडा लिहिलेला कागद त्याच्या हाती द्यावा.